प्लास्टिकचा दाता, क्राऊनचा दाता आणि आपला रस्ता

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. खेळण्यातल्या ट्रकबद्दल आहे आणि खऱ्या ट्रकबद्दलही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसानं ट्रकबद्दल वाचायचा कंटाळा करू नये. आपण झोपलो तरी तो आपल्या दारावरून जातच असतो. घुग्घूस-बल्लारपूरकडून कोळसा, गडचांदूरकडून सिमेंट, सुरजागडकडून लोहखनिज. इथं जन्मलेल्या पोराला बाराखडीच्या आधी टिप्परचा हॉर्न ओळखता येतो.

मी मिस्त्री आहे. २२ वर्षं झाली, ट्रकचे गिअरबॉक्स आणि मागचं हाऊसिंग खोलतो. रविवारी गॅरेज बंद असलं की मोहल्ल्यातली पोट्टी जमतात, त्यात माझा भाचाही. त्याच्याकडे एक रिमोटचा ट्रक आहे, खऱ्याच्या सोळाव्या भागाएवढा, सहा चाकांचा. चार महिन्यांत त्यानं किरकिर सुरू केली. रिमोट दाबला की मोटर फिरते, आवाज येतो, गाडी जागची हलत नाही. दुकानदार म्हणाला, "नवीन घ्या, याचे पार्ट येत नाहीत." भाचा म्हणाला, "मामा, तू तर मोठे खोलतोस, हा कावून नाही खोलत?"

खोलला. आणि मग पाच-सहा रविवार आम्ही त्यातच होतो.

ज्यांच्या घरी असा ट्रक माळ्यावर पडला आहे त्यांच्यासाठी आधी कामाचं सांगतो.

गिअरबॉक्स खोलताना प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा. स्क्रू दोन-तीन लांबीचे असतात. लांब स्क्रू छोट्याच्या जागी कसला की प्लास्टिक फाटतं. एका पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढा आणि स्क्रू त्या-त्या जागी टोचून ठेवा. आतलं जुनं ग्रीस पुसून दाते उजेडात बघा. एखादा दाता मुळातून तुटला असेल तर गाडी कुठं तरी अडकली असताना जोर लावला गेला. सगळे दाते सारखे झिजून टोकदार झाले असतील तर आत धूळ गेली किंवा दोन गिअर एकमेकांत नीट बसलेच नव्हते. आमच्या ट्रकात दुसरा प्रकार होता. आपल्याकडची धूळ काही साधी नाही, कोळशाची भुकटी आणि मुरूम. ग्रीसमध्ये ती मिसळली की घासकागद तयार होतो.

ग्रीस थोडंच लावायचं. पोट्ट्यांना वाटतं जितकं जास्त तितकं भारी. मग मोटरची अर्धी ताकद ते ग्रीस ढवळण्यातच जाते. प्लास्टिकच्या दात्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, लोखंडी दात्यांना आपलं नेहमीचं लिथियम ग्रीस चालतं. शाफ्टच्या टोकाला प्लास्टिकचे बुश असतील तर ते काढून त्याच मापाचे छोटे छर्ऱ्याचे बेरिंग बसवा. या एकाच बदलानं गाडी हलकी पळते.

मोटरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, मोठ्या गिअरला किती चिकटवायचा? वहीच्या कागदाची पट्टी दोघांच्या मध्ये घाला, मोटर दाबून स्क्रू कसा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दात्यांच्या घड्या उमटल्या पण ती फाटली नाही, तर बरोबर. फाटली तर फार घट्ट, घडीच नाही उमटली तर फार ढिल्लं. मोठ्या क्राऊन-पिनियनला आम्ही दात्यांना रंग लावून हीच गोष्ट तपासतो. माप बदलतं, अक्कल तीच.

आता बदल कसा केला ते. मूळ गिअरबॉक्समध्ये पिनियन १२ दात्यांचा आणि त्याला लागलेला गिअर ३६ दात्यांचा. म्हणजे मोटर ३ फेरे घेते तेव्हा पुढचा शाफ्ट १. पुढच्या जोडीत आणखी ३ पट, ॲक्सलमध्ये आणखी ३ पट. एकूण २७. मोटर मिनिटाला १३,५०० फेरे घेते असं धरा, तर चाक घेतं ५००. चाक ६ सेंटीमीटरचं, म्हणजे वेग ताशी साडेपाच किलोमीटरच्या जरा वर. माणसाच्या झपाझप चालीएवढा. एवढ्या छोट्या गाडीला एवढा वेग असला की चढावर जोर उरत नाही.

आम्ही पिनियन १० दात्यांचा आणि गिअर ३८ दात्यांचा घेतला. बेरीज ४८ च राहिली, म्हणून मोटरची जागा हलवावी लागली नाही. ३ पट होतं ते ३.८ पट झालं. वेग ताशी साडेचारच्या खाली आला आणि ओढायचा जोर जवळजवळ सव्वापट झाला. भाच्यानं हे गणित स्वतः वहीत मांडलं. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा त्याला शाळेत कधी कळला नव्हता. दाते मोजता-मोजता कळला.

बॅटरीची एक ताकीद. या गाड्यांत लिथियमची दोन सेलची बॅटरी असेल तर एक सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका, फुगलेली बॅटरी वापरू नका आणि चार्जिंगला लावून झोपू नका. चाक अडकलं की रिमोट लगेच सोडा. अडकलेली मोटर सगळ्यात जास्त करंट खाते आणि जळते.

मग परीक्षा घेतली. आपल्या विदर्भात पोराची पहिली चाकाची गाडी म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. आमच्या घरी माझ्या लहानपणचा नंदी आहे, चांगला जड. ट्रकनं तो अंगणात ओढला. पोट्टी नाचली. मग हौस वाढली. बांबूच्या कामट्यांचा हौदा केला, त्यात गिट्टी भरली, किराण्याच्या काट्यावर वजन करून. जुने दाते घसरले तसे नवे घसरतील म्हणून आम्ही प्लास्टिकच्या जागी पितळी आणि लोखंडी गिअर घातले.

इथून पुढं जे झालं त्यासाठी ही पोस्ट लिहितो आहे.

लोखंडी गिअर तुटले नाहीत. त्यांच्या पुढचा प्लास्टिकचा शाफ्ट पिळून तुटला. तो लोखंडी केला, तर ॲक्सलमधला गिअर गेला. तोही बदलला, तर चाकाचा षट्कोनी खाचा गोल झाला. एक भाग मजबूत केला की तुटायची जागा पुढच्या भागावर सरकते. भाचा वैतागून म्हणाला, "मामा, सगळंच लोखंडाचं केलं तर काय तुटेल?"

मी त्याला अंगणाकडे बोट दाखवलं. सारवलेल्या जमिनीत गिट्टी भरलेल्या ट्रकनं दोन चाकोऱ्या पाडल्या होत्या.

खऱ्या गाड्यांचं नेमकं हेच आहे. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांची गोष्ट सांगतो, मालकांची नावं नाहीत. पहिल्यांदा गाडी येते ती पाटे तुटून. मालक म्हणतो, दोन पाटे जास्त टाका. टाकले की पुढच्या खेपेला क्राऊनचा दाता जातो. क्राऊन भारी टाकला की प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस जातो. बाजारात सगळ्याला भारी माल मिळतो. शेवटी गाडी अशी होते की तिच्यात तुटण्यासारखं काही उरत नाही. मग रस्ता तुटतो. आणि रस्त्याच्या नंतर पाळी येते सायकलवर शाळेत निघालेल्या पोरीची, दुधाची कॅन घेऊन येणाऱ्या मोटरसायकलवाल्याची. गिअरचा दाता हा एक प्रकारचा फ्यूज आहे. आपण फ्यूजच्या जागी तार बांधली.

किती तुटतो रस्ता? हे डोळ्यांचा अंदाज म्हणून सांगत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० मध्ये खास रस्ते बांधून त्यावर दिवस-रात्र वजनदार ट्रक चालवले आणि रस्ता कसा खचतो ते मोजलं. त्यातून इंजिनिअर लोक आजही वापरतात तो ठोकताळा निघाला. ॲक्सलवरचं वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घातानं वाढतं. म्हणजे वजन २० टक्के जास्त, तर नुकसान २० टक्के नाही, दुपटीहून जास्त. वजन दीडपट, तर नुकसान पाचपट. एका दीडपट भरलेल्या गाडीनं पाच सरळ गाड्यांएवढा रस्ता खाल्ला.

सरकारनं २०१८ मध्ये ॲक्सलची मर्यादा आधीच वाढवून दिली आहे. मागच्या चार टायरच्या एका ॲक्सलला १०.२ टन होतं ते ११.५ टन केलं. तीन ॲक्सलच्या ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. त्याच्याही वर भरणं म्हणजे हावच. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ काय म्हणतं? जास्त वजन भरलं तर २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीनं हे आकडे आले. कायदा कच्चा नाही.

मी ड्रायव्हरला शिव्या देणार नाही. माझी रोजीरोटी त्याच्यावरच आहे. भाडं टनावर मिळतं, हप्ता महिन्यावर भरावा लागतो, डिझेल रोज लागतं. एक-दोन गाड्यांचा मालक दोन टन जास्त भरतो कारण त्याच दोन टनांत त्याचं उरतं. टनावर भाडं आणि खेपेवर पगार असेल तर जास्त भरणं आणि जोरात पळवणं हाच शहाणपणा ठरतो. गिअरिंगच तसं बसवलं आहे. पिनियन बदलल्याशिवाय गाडी हळू चालणार नाही, कितीही ओरडा.

आलापल्ली-आष्टी रस्त्यावरची माणसं किती वर्षं ओरडताहेत. निवेदनं झाली, रास्ता रोको झाले. खड्डे बुजतात, पुन्हा पडतात. खड्डा बुजवणं म्हणजे तुटलेला दाता बदलणं. वजन तसंच राहिलं तर नवा दाताही जाणारच.

म्हणून तीन गोष्टी मागतो. लोकप्रतिनिधी आणि अधिकारी वाचत असतील तर त्यांच्यासाठी.

एक. वजन रस्त्यावर पकडू नका, भरतानाच पकडा. खाणीवर, सायडिंगवर, कारखान्यावर काटा असतोच. काट्याची रोजची यादी, गाडीचा नंबर आणि वजन, रस्त्यावरच्या ग्रामपंचायतींना मिळू द्या. गावाला कळू द्या त्यांच्या दारावरून किती टन गेलं. जादा वजनाची जबाबदारी भरणाऱ्यावर टाका. ड्रायव्हर काही फावडं घेऊन माल भरत नाही.

दोन. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, २०१६ पासून. ज्या शाळांत या लॅब आहेत तिथलं सामान पोरांच्या हाती द्या. तुटेल, तुटू द्या. तुटलेलं उघडलं की शिक्षण सुरू होतं. आणि ज्या गावांत लॅब नाही तिथं एक टेबल, चार पाने आणि आमच्यासारखा एखादा मिस्त्री रविवारी दोन तास, एवढ्यानं भागतं. आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड एक वर्षाचा आहे, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा. आपल्या पोट्ट्यांनी फक्त खलाशी म्हणून ट्रकवर चढू नये, ट्रकच्या खालीही जावं. दगड जिल्ह्याबाहेर जातो, निदान कसब तरी जिल्ह्यात राहावं.

तीन. दुरुस्तीचा हक्क. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती वस्तू आणि वाहनं आली. खेळणी नाहीत. मला विचाराल तर खेळणी सगळ्यात आधी हवीत. "पार्ट येत नाही, नवीन घ्या" हे वाक्य पोरगं सहाव्या वर्षी ऐकतं आणि जन्मभर मानतं. रस्ता, शाळा, दवाखाना, सगळ्याबद्दल मग तो तसाच बोलतो.

भाच्याच्या ट्रकचं पुढं काय झालं विचाराल. आम्ही एक गिअर मुद्दाम परत प्लास्टिकचा बसवला, सगळ्यात बाहेरचा, दोन स्क्रू काढले की हाती येतो असा. जास्त गिट्टी भरली की तोच तुटतो आणि बाकी गाडी वाचते. पोट्ट्यांनी हौद्यावर खडूनं रेघ मारली आहे, त्याच्या वर भरायचं नाही. भाचा बाकीच्यांना काट्याशिवाय भरूच देत नाही. बारा वर्षांच्या पोराला कळलं आहे.

तुमच्या माळ्यावर असा बंद पडलेला ट्रक असेल तर भंगारात टाकू नका. पोराला पाना द्या, पुठ्ठा द्या आणि त्याच्या बाजूला बसा. आणि उद्या घरासमोरून ट्रक गेला की मागच्या टायरकडे एकदा बघा. किती दबले आहेत ते तुम्हालाही दिसेल.