कापडाची मागची बाजू

सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते. वरून लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर खालून पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. मी वाढलो सोलापूरच्या पूर्व भागात. आमच्याकडे घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी आणि दोन्हीकडे मागांचा खडखडाट. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी वसवलेला हा भाग. मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्डचं काम मी तिथेच शिकलो, तेही कागदावर. ग्राफचा प्रत्येक चौकोन म्हणजे ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा जिथे भेटतात ती जागा. चौकोन रंगवला तर ताणा वर, कोरा ठेवला तर खाली. ग्राफच्या एका ओळीचं पुठ्ठ्याचं एक कार्ड, आणि त्यात पंचिंगवाल्याने पाडलेली भोकं. ल्यॉनच्या जोझेफ मारी जाकारने १८०४ मध्ये पेटंट घेतलेली ही पद्धत, आमच्या गल्लीत ती दोरीत ओवलेल्या कार्डांच्या माळेच्या रूपात मागावर लटकत असे.

नव्वदच्या दशकात मी तारापूरच्या एमआयडीसीत नोकरीला आलो. आज आमच्या कंपनीचे पडदे आणि सोफ्याची कापडं पंचतारांकित हॉटेलांत आणि मोठमोठ्या बंगल्यांत दिसतात. तेव्हा मात्र आम्ही पडद्याचं साधं पॉलिस्टर विणत होतो. थानं काळबादेवीच्या व्यापाऱ्याकडे जायची आणि तो त्यावर आपला शिक्का मारून विकायचा. आमचं नाव कापडावर कुठेच नसे. भाव मीटरवर ठरे आणि तो पाडून मागितला जाई. एवढ्या मेहनतीचं कापड अनाम विकलं जातं याचं मला फार वाईट वाटायचं.

यंत्रं बदलली तो काळ झपाट्याने गेला. आधी युरोपात बंद पडलेल्या कारखान्यांतले वापरलेले रेपियर माग आले. मग एप्रिल १९९९ मध्ये केंद्र सरकारची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू झाली, कर्जाच्या व्याजात पाच टक्के सवलत मिळू लागली आणि मालकांनी नवे माग घेतले. त्यांच्यावर इलेक्ट्रॉनिक जकार्ड. बोनास कंपनीने असं जकार्ड १९८३ मध्येच मिलानच्या प्रदर्शनात मांडलं होतं, आमच्याकडे यायला इतकी वर्षं लागली. कार्डांच्या माळा गेल्या, डिझाइन फ्लॉपीतून मागावर जाऊ लागलं. पूर्वी जे पान काढायला आठवडे जायचे ते संगणकावर एका दिवसात होऊ लागलं. पण कापड त्यामुळे उंची झालं असं मी म्हणणार नाही. तेच माग शेजारच्या शेडमध्येही होते.

माझ्या मते कंपनी बदलली ती फ्रँकफर्टला. तिथे दर जानेवारीत हाइमटेक्स्टिल हे घरसजावटीच्या कापडांचं मोठं प्रदर्शन भरतं. मालक मला बरोबर घेऊन गेले होते. आमच्या स्टॉलवर एक वयस्क खरेदीदार आला. त्याने पडद्याच्या नक्षीवरून नुसती नजर फिरवली, मग कापड उलटं केलं आणि मागच्या सुट्या धाग्यांत नख अडकवून हलकेच ओढलं. धागा लोंबत वर आला. तो काही न बोलता पुढच्या स्टॉलकडे वळला.

ते धागे कशाने सुटतात ते सांगायला हवं. नक्षीत चार रंग असले, तर ज्या रंगाची पाळी नाही तो कापडाच्या पाठीमागून धावतो. त्याला मध्ये मध्ये बांधून घेतलं तर पाठ घट्ट होते, पण त्यासाठी ताण्यात धागे वाढवावे लागतात, माग हळू चालवावा लागतो आणि मीटरमागे खर्च वाढतो. स्वस्त कापडात तो धागा मोकळा सोडतात, कारण गिऱ्हाईक समोरून बघतं. परतीच्या विमानात मालकांनी मला विचारलं, ‘‘पाठ बांधायची तर मीटरला किती जास्त लागतील?’’ मी आकडा सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘बांधा.’’ सोलापूरच्या पोराला हा शब्द ऐकून काय वाटलं असेल, ते चादर विणणाऱ्याला विचारा.

मग एकातून एक गोष्टी निघत गेल्या. पडदा उन्हात लटकतो, म्हणून रंग उन्हाला टिकतो का ते तपासणं सुरू झालं. सोफ्याचं कापड घासलं जातं, म्हणून मार्टिनडेल यंत्रावर ते हजारो वेळा घासून बघायचं. सगळ्यात जास्त छळलं ते लॉटने. एकाच रंगाच्या नावाखाली दोन वेळा रंगवलेला धागा डोळ्याला सारखा दिसतो, पण दोन पन्ने शेजारी शिवून खिडकीत टांगले की फरक उमटतो. दिवाणखान्याच्या पडद्यात ते खपत नाही. तेव्हापासून एका घराचं कापड एकाच लॉटमधून कापायचं असा नियम झाला आणि गोदामात तुकडे उरू लागले. व्यापाऱ्याच्या काळात हा तोटा कुणी सोसला नसता. मग कापडाच्या काठावर आमचं नाव आलं.

एवढं सगळं पार पडतं ते शेवटी मेंडिंगच्या खोलीत. बोईसर-पालघरच्या आसपासच्या गावांतल्या बाया तिथे काम करतात. तिरप्या काचेखाली दिवे, वरून कापड सरकतं आणि त्या तुटलेला धागा शोधून सुईने पुन्हा विणून काढतात. नक्षीच्या वळणात सुई कुठे वर घ्यायची, कुठे खाली, हे त्यांना ग्राफशिवाय कळतं. मी ग्राफवर वर्षं घालवली आहेत, म्हणून मला त्याची किंमत ठाऊक आहे.

एकदा त्यांतल्या एका ताईंनी मला बोलावून घेतलं. ‘‘दादा, हा तुटलेला धागा नाही. मागच बिघडलाय.’’ कापडात लांबीला केसाएवढी बारीक रेघ होती. त्यांनी बोट पन्नाभर सरकवत नेलं. तशीच रेघ आणखी तीन ठिकाणी होती, सारख्या अंतरावर. आमच्या जकार्डला २६८८ हुक आहेत आणि त्या पन्न्यात नक्षी चार वेळा येते, म्हणजे एक हुक चारही नक्षींतला त्याच जागेचा धागा उचलतो. धागा तुटला तर खोट एकाच जागी दिसते. चार ठिकाणी सारखी दिसली, तर हुक मेलेला. हुक म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, मागांच्या शेडमध्ये त्यांचं जाणंही नसे. माग थांबवून पाहिलं, हुक खरोखरच अडकला होता.

त्याच महिन्यापासून मी नव्या डिझायनरांना संगणकाआधी मेंडिंगच्या टेबलावर बसवू लागलो. डिझाइनच्या संस्थांतून आलेली ही मुलं हुशार असतात, पण संगणकाच्या पडद्यावर त्यांना कापडाची एकच बाजू दिसते. ताईंच्या शेजारी बसली की ती आपोआप कापड उलटं करून बघायला लागतात.

कॅटलॉगमध्ये डिझायनरचं नाव छापतात. मेंडिंगवाल्यांचं कुठेच नसतं, आणि पगाराच्या यादीत त्या कितीतरी वर्षं अकुशल म्हणून लागत होत्या. याचा मला संताप येत असे, आणि मालकांशी मी यावर अनेकदा भांडलो. ज्या हातांमुळे कापड परत येत नाही, ते अकुशल कसे? शेवटी कायम असलेल्या सगळ्या जणींना कुशलची श्रेणी मिळाली, मागची थकबाकी मात्र मिळाली नाही. ठेकेदारामार्फत येणाऱ्या अजून बाहेरच आहेत, काम अगदी तेच करत असूनही. त्यांच्यासाठीचा अर्ज मी गेल्या महिन्यात पुन्हा दिला, सोबत त्यांनी सुधारलेल्या कापडाचे तुकडे जोडून. प्रत्येक तुकडा उलट्या बाजूने लावला आहे.