इंडेक्स टूला घर दिसत नाही

शेजारपाजारी नुकताच विकला गेलेला, आपल्या फ्लॅटशी जुळणारा फ्लॅट म्हणजे आम्हा व्हॅल्युअर लोकांच्या बोलीत ‘सेल इन्स्टन्स’. बँकेचं कर्ज असो, भावंडांची वाटणी असो की आयकराचा हिशेब, आमच्या अहवालाची सगळी मदार अशा तीन-चार व्यवहारांवर असते. महाराष्ट्रात त्यांचा भरवशाचा पुरावा एकच, नोंदणी व मुद्रांक विभागाचा इंडेक्स टू. दस्ताचा प्रकार, मोबदला, क्षेत्रफळ, देणारा-घेणारा, दस्त केल्याची आणि नोंदल्याची तारीख, भरलेलं मुद्रांक शुल्क, सगळं त्यात असतं. ‘बाजारभाव’ असाही एक रकाना आहे, पण तो रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या, दरानं निघालेला असतो; बाजारानं त्याला विचारलेलं नसतं.

घर मात्र त्यात कुठेच नाही. फरशी मोझॅकची की व्हिट्रिफाइड, छताला ओल आहे का, खिडकीतून टेकडी दिसते की समोरच्या इमारतीचे ड्रेनेजचे पाइप, याचा पत्ता नाही. एकाच सोसायटीत, एकाच क्षेत्रफळाचे दोन फ्लॅट महिनाभराच्या अंतरानं विकले जातात आणि मोबदल्यात दहा-बारा लाखांचा फरक असतो. तो नूतनीकरणामुळे आला, विक्रेत्याच्या घाईमुळे आला, की रोखीत फिरलेल्या रकमेमुळे, हे कागद सांगत नाही.

फरक समजून घ्यायला मी जाहिरातींकडे वळतो. अमेरिकेत एमएलएस नावाच्या व्यवस्थेत एजंट विक्रीला लावलेल्या घराचे फोटो टाकतो आणि विक्री झाली की तिथेच किंमतही नोंदवतो. आपल्याकडे हे दोन संसार वेगळे. ९९एकर्स किंवा मॅजिकब्रिक्ससारख्या जाहिरातींच्या साइटवर फोटो असतात, पण किंमत मागितलेली असते, मिळालेली नव्हे. शिवाय फ्लॅट नंबर बहुधा नसतो. म्हणून जाहिरातीतला फ्लॅट आणि इंडेक्स टूमधला फ्लॅट एकच आहे, हे आधी सिद्ध करावं लागतं.

मजला खिडकीवरून कळतो. समोरच्या इमारतीचा कितवा स्लॅब नजरेच्या रेषेत आहे, नारळाचा शेंडा वर आहे की खाली, एवढं पुरतं. जाहिरात सातव्या मजल्याची आणि खिडकीत समोरच्यांचं पार्किंग, म्हणजे एजंटनं सोसायटीतल्या दुसऱ्याच फ्लॅटचे फोटो चिकटवले. हे सर्रास चालतं, आणि बिल्डरच्या सँपल फ्लॅटचे फोटोही वर्षानुवर्षं फिरत राहतात.

फोटो केव्हाचा, हे त्याहून अवघड. साइटवर चढवताना फोटोतली तारखेची मूळ माहिती बहुतेक वेळा गळून जाते. मग मी भिंती वाचतो. मराठी घरात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि मोठं करून पाहिलं तर महिना वाचता येतो. गॅलरीतला आकाशकंदील दिवाळीचे दिवस सांगतो, वर्ष सांगत नाही. शिवाय काही घरांत तो मार्चपर्यंत लोंबत असतो! तारखांची जुळणी महत्त्वाची, कारण दस्त केल्यापासून नोंदणीला चार महिन्यांची मुदत असते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट होती. डिसेंबरअखेर शुल्क भरून पुढच्या चार महिन्यांत नोंदणी करायची मुभा असल्यानं एप्रिल २०२१ च्या नोंदणीतही डिसेंबरचे सौदे सापडतात. एप्रिलचा भाव म्हणून ते घेतले तर सूट संपल्यानंतरच्या बाजाराचं चित्र चुकतं.

क्षेत्रफळ हा माझा आवडता भाग. मोबाइलच्या वाइड लेन्सनं हॉल नाट्यगृहासारखा दिसतो, पण लेन्सला फरश्या वाढवता येत नाहीत. हल्लीच्या घरांत बहुधा ६०० मिलिमीटरची चौकोनी टाइल असते. ८०० ची पण येते, म्हणून आधी बेडरूमच्या दाराशी ताडून पाहावं: साधारण ९०० मिलिमीटरच्या चौकटीत दीड टाइल बसली तर माप बरोबर. मग लांबीत आठ आणि रुंदीत पाच मोजल्या, तर हॉल ४.८ बाय ३ मीटर, म्हणजे सुमारे १५५ चौरस फूट. जाहिरात ‘प्रशस्त २०० फुटी हॉल’ म्हणत असली तरी.

टाइल मोजताना आणखी एक गोष्ट उघडी पडते. हॉलच्या मधेच टाइलचा रंग बदलतो, वर बीम आडवा येतो, म्हणजे बाल्कनी आत घेतलेली आहे. रेरा कायद्याच्या व्याख्येत कार्पेट क्षेत्रात, म्हणजे आतल्या वापराच्या जागेत, बाल्कनी धरत नाहीत. जुन्या दस्तांत तर बिल्टअप, म्हणजे भिंतींसह मोजलेलं, क्षेत्र लिहिलेलं असतं. एका फ्लॅटचं कार्पेट आणि दुसऱ्याचं बिल्टअप घेऊन प्रतिफूट दर काढला की सगळी तुलना ओमफस. पुण्याच्या टेरेस फ्लॅटमध्ये तर हा घोळ फारच, कारण टेरेसवर पत्रे टाकून केलेली खोली फोटोत तिसरी बेडरूम म्हणून मिरवते.

आता फोटोंची लबाडी. नवं पीओपी छत दिसलं की मला कौतुकाआधी शंका येते, कारण त्याच्यामागे गळती झाकणं सोपं. सगळ्या खोल्यांचे फोटो असून संडास-बाथरूमचा नसेल, तर आत जुनं उघडं प्लंबिंग असावं असा माझा कयास. कयासच, अहवालात तो लिहीत नाही. काही सहकारी छान फोटो पाहून दरात भर घालतात. मला ते पटत नाही. मॉड्युलर किचनवर घातलेले पाच लाख विकताना पाचच लाख मिळवून देतात असं नाही, आणि सोफा तर विक्रेता बरोबर घेऊन जातो. फोटोचा खरा उपयोग व्यवहार गाळण्यासाठी. जुळत नाही असं दिसलं की तो व्यवहार यादीतून काढायचा, ओढूनताणून समायोजन करत बसायचं नाही.

विक्री झाली की जाहिरात गायब होते, म्हणून स्क्रीनशॉट तारखेसह फाइलला ठेवतो. अहवालाला मात्र जोडत नाही. त्यात कुणाचं तरी देवघर असतं, मुलांचे वाढदिवसाचे फोटो असतात. बँकेला त्यांचं काय?

आणि फोटोंनीही काही उलगडलं नाही, तर वॉचमन. कोणत्या फ्लॅटची फरशी कधी उखडली हे त्याला पाठ असतं, कारण राडारोड्याच्या गोण्या लिफ्टमधून नेण्यावरून भांडण त्याच्याशीच झालेलं असतं.