भुईचाफ्याची रिकामी जागा

तिरोड्याच्या आमच्या घरामागे, आंब्याच्या सावलीत एक छोटा वाफा आहे. हिवाळ्यात आलेले पाहुणे हमखास विचारतात, ही जागा रिकामी का ठेवली? ती रिकामी नसते. तिथे भुईचाफा झोपलेला असतो.

हळद-आल्याच्या कुळातलं हे आपल्याकडचं रानफूल. मोहफुलं गळायच्या दिवसांत, एकही पान नसताना, त्याची पांढरी-जांभळी, सुवासिक फुलं थेट मातीतून वर येतात. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण एकामागून एक येत राहतात. मग पानं निघतात. वरून हिरवी, चट्ट्यापट्ट्यांची, खालून जांभळट. पावसाळा सरला की तीही वाळतात आणि वर खूणही उरत नाही.

याचे दोन गड्डे शेजारच्या काकूंनी अम्मीला दिले होते. पहिलं फूल 1990 च्या रमजानमध्ये उमललं. अम्मीने ते फजरच्या नमाजनंतर पाहिलं आणि इफ्तारच्या आधी काकूंना बोलावून दाखवलं.

रमजान चंद्रावर चालतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. भुईचाफा उन्हावर चालतो. त्यामुळे दोघांची गाठ पुन्हा पडायला तीसेक वर्षं लागतात. 2023 मध्ये 24 मार्चला रोजे सुरू झाले आणि त्याच आठवड्यात फूल आलं. अम्मीने बोटांवर हिशेब केला. म्हणाली, "आता पुढच्या खेपेला 2055 उजाडेल."

"तेव्हा तू?"

"मी मातीत. तू पाणी बेताने घाल."

पाण्याचं तिचं शास्त्र पक्कं होतं. गड्डा दोन बोटं खोल लावायचा. मातीत कुजलेला पाला आणि शेणखत. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून वाफा वीतभर उंच. आणि पानं वाळली की पाणी बंद. झोपेत ओल लागली तर गड्डे सडतात.

2024 च्या पावसाळ्यात अम्मी गेली. डिसेंबरमध्ये मी गाडीसाठी मागच्या अंगणात फरशी घालायला काढली. वाफा विसरलो होतो म्हटलं तर ते खोटं होईल. आठवत होता. पण कोरडी माती बघून वाटलं, आता इथे काय उरलंय? मजुराच्या दुसऱ्याच कुदळीला गड्डे वर आले. टणक, खाली लटकलेल्या गाठींसकट. एक चिरला गेला होता.

मी काम थांबवलं. चिरलेल्याला राख लावून सावलीत सुकवलं, बाकीचे परत लावले. दोन गड्डे घेऊन काकूंकडे गेलो. त्यांच्या अंगणात केव्हाच फरशी झाली होती, त्यांचा भुईचाफा तिच्याखाली गेला होता. म्हणाल्या, "कुठून आणलं रे बाबू?"

"तुमचंच आहे."

त्यांनी ते कुंडीत लावले.

2025 ची ईद 31 मार्चला झाली. त्या सकाळी वाफ्यात काहीच नव्हतं. आठवडाभराने भिंतीपलीकडून काकूंची हाक आली, "आलं रे!" मी माझ्या वाफ्याकडे धावलो. आंब्याच्या वाळक्या पानाला बाजूला सारून एक फूल वर आलं होतं.

गाडी अजून रस्त्यावरच उभी असते.