कराराचे मर्म

आमच्या मराठी पवित्र शास्त्राचे दोन भाग आहेत : जुना करार व नवा करार. ही नावे आम्ही बाळपणापासून इतक्या वेळा उच्चारली की त्यांचा अर्थ विचारण्याचे आम्हांस कधी सुचलेच नाही. हिंदी शास्त्रात याच भागांस ‘नियम’ म्हणतात, उर्दूत ‘अहदनामा’. मराठीने मात्र बाजारातला व कचेरीतला शब्द घेतला. तो मूळचा अरबी. त्यात स्थैर्याचा भाव आहे. 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या आमच्या या छत्रपती संभाजीनगरात, ज्याच्या जिवास स्वस्थता नाही त्यास ‘बेकरार’ म्हणतात, हे कोणास सांगावयास नको.

लहानपणी आम्हांस एकच करार ठाऊक होता, तो सालगड्याचा. आमचे आजोबा जवळच्या खेड्यात एका शेतकऱ्याकडे सालाने होते. गुढीपाडव्यास तोंडी बोली होई : इतके धान्य, इतकी रोकड, एक घोंगडी, एक पायताण. एकाने शब्द मोडला की दुसरा मोकळा. शास्त्रातील करारही असाच असावा, देव मोठा धनी व मनुष्य त्याचा सालगडी, अशी आमची समजूत होती.

पुढे शास्त्र वाचू लागलो तेव्हा ही समजूत टिकेना. नोहाशी करार करताना देव मेघात धनुष्य ठेवतो व ते पाहून आपणच स्मरण ठेवू म्हणतो. उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायात कापलेल्या पशूंच्या भागांमधून जाण्याची रीत आली आहे. करार मोडणाऱ्याची हीच गत होवो, असा तिचा भाव. परंतु अब्राम गाढ निद्रेत असतो आणि धुमसती भट्टी व जळती मशाल तेवढी मधून जाते. जोखीम एकट्या देवाने पत्करली! सीनाय पर्वतापाशी लोकांनीही आज्ञा पाळण्याचे वचन दिले, मोशेने रक्त शिंपडले. आणि थोड्याच दिवसांत त्यांनी सोन्याचे वासरू केले. दाविदास अढळ सिंहासनाचे वचन मिळाले. त्याच्या वंशातील राजे बहकले, यरुशलेम पडले. एखादा धनी येथेच हिशेब मिटविता. पण त्याच पडझडीच्या काळातील यिर्मया 31 व्या अध्यायात नव्या कराराची वार्ता देतो : आता नियमशास्त्र हृदयावर लिहिले जाईल. पुढे वल्हांडणाच्या रात्री प्रभू येशू प्याला हाती घेऊन तो करार आपल्या रक्ताने होत असल्याचे सांगतो. अब्रामाच्या रात्री पत्करलेली जोखीम येथे फेडली गेली.

हे आम्हांस केवळ वाचनाने उमगले, असे मात्र म्हणवत नाही. 1972 च्या दुष्काळात धन्याने आजोबांस सांगितले, “यंदा साल मोडले, बाबा. द्यावयास काही उरले नाही.” आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाऊ लागले. परंतु सायंकाळी परतताना ते दूरच्या विहिरीचे पाणी शेंदून धन्याच्या बैलांस पाजीत. आजीने कारण पुसले, तेव्हा म्हणाले, “साल मोडलं, पण बैल तर तेच हायेत ना!”

याच आजोबांस आम्ही इयत्ता आठवीत असताना वचन दिले होते की, दर रविवारी येऊन तुम्हांस शास्त्र वाचावयास शिकवू. चार रविवार गेलो, मग खेळात रमलो. त्यांनी कधी एका शब्दाने विचारले नाही. पाटी मात्र धुऊन खुंटीखाली ठेवलेली असे. ते देवाघरी गेले त्या दिवशीही ती तेथेच होती. आजही प्रभुभोजनाचा प्याला हाती येतो, तेव्हा ती कोरी पाटी आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते.

विद्यार्थी मित्रहो, आम्ही मोडलेला करार देव आपल्या पदरचे घालून पुन्हा जोडतो, हाच शास्त्राचा आरंभापासून अखेरपर्यंत सांगावा आहे. त्या क्षमेचा आम्हांस आधार आहे. तथापि तिने दिलेला शब्द स्वस्त होत नाही. तुम्ही कोणास वचन दिले असेल व तो अजून वाट पाहत असेल, तर या सुटीत प्रथम त्याच्या घरी जा. आमच्यासारखा उशीर करू नका.