चौथऱ्यावरचं विमान आणि अब्बांची अमानत

हवाई दलाच्या अनेक तळांच्या फाटकाशी एखादं जुनं लढाऊ विमान चौथऱ्यावर उभं असतं. नाक आभाळाकडे, जणू आत्ताच झेप घेणार. प्रत्यक्षात ते आतून रिकामं असतं. इंजिन, शस्त्रं, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली स्फोटकं, सगळं आधीच काढून घेतलेलं असतं. इंग्रजीत त्याला 'गेट गार्डियन' म्हणतात, म्हणजे दारावरचा राखणदार. बाकीचे लोक फोटो काढून पुढे जातात. आम्ही घरची मंडळी मात्र मिग-२१ दिसलं की जरा जास्त वेळ थांबतो.

कारण आमचे मरहूम अब्बा नाशिकजवळच्या ओझरला विमान कारखान्यात फिटर होते. हे सोव्हिएत बनावटीचं विमान १९६३ साली आपल्या हवाई दलात आलं आणि ते इथेच बांधण्यासाठी १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा ओझरचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तिकडून आलेले सुटे भाग जोडले जात. पुढे कच्च्या मालापासून अख्खं विमान इथे तयार होऊ लागलं.

अब्बा फजर पढून डबा घेऊन निघायचे. घरी कामाचं फारसं बोलत नसत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, काम संपलं की हत्यारं मोजायची. एक पाना जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान पुढे सोडायचं नाही. विमानात राहिलेला पाना आभाळात जीव घेऊ शकतो. "पाना आपल्या हातात, जान दुसऱ्याची," ते म्हणायचे. "ही अमानत आहे."

या विमानाचे अपघातही फार झाले. कितीतरी तरुण वैमानिक गेले. लोक त्याला 'उडती शवपेटी' म्हणू लागले. अशी बातमी आली की अब्बा नीट जेवत नसत. ईशाच्या नमाजनंतर त्या अनोळखी मुलासाठी आणि त्याच्या आईसाठी बराच वेळ हात उचलून बसत. म्हणून मुलांना या विमानाची शान सांगताना आम्ही हे दुःखही सांगतो. चौथऱ्यावरचा ताजा रंग ते सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलाला शाळेत एकाने विचारलं, "तुमची विमानं कुठली, इकडची की तिकडची?" मुलगा गप्प होऊन घरी आला. आम्ही त्याला इद्रिस हसन लतीफ यांच्याविषयी सांगितलं. हैदराबादचे लतीफसाहेब फाळणीनंतर भारतातच राहिले, १९७८ ते १९८१ हवाई दलाचे प्रमुख होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपालही झाले. अम्मींनी सगळं ऐकून घेतलं आणि नातवाला जवळ ओढलं. म्हणाल्या, "ते मोठे लोक, बेटा. पण त्या विमानांच्या पोटात तुझ्या दादांचे हात फिरलेत. हे कुणाला पटवायला जाऊ नकोस. फक्त विसरू नकोस."

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. जुम्याचा दिवस होता. बासष्ट वर्षांची सेवा संपली. आता यातली आणखी काही विमानं चौथऱ्यांवर चढतील. तिथेही निगा लागतेच, कारण ऊन-पाऊस कुणालाच सोडत नाही. ब्रिटनमध्ये तळांच्या फाटकांवरची स्पिटफायर विमानं उघड्यावर झिजू लागली, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांतली बरीच काढून घेतली आणि जागोजागी फायबरग्लासच्या प्रतिकृती बसवल्या. एमके ३५६ हे वर्षानुवर्षं फाटकावर उभं राहिलेलं स्पिटफायर दुरुस्त होऊन १९९७ मध्ये पुन्हा उडालं सुद्धा.

आमचं मागणं इतकं मोठं नाही. चौथऱ्याच्या पाटीवर विमानाचं नाव असतं, कधी त्याच्या तुकडीचंही असतं. त्याखाली आणखी एक ओळ असावी, हे विमान कुठे आणि कुणाच्या हातांनी बांधलं. कामगारांची नावं नसली तरी चालतील, गावाचं नाव पुरे.

पाटी बदलणं आपल्या हातात नाही. पण आपल्या घरातही कुणी रेल्वेत, गिरणीत, गोदीत, कारखान्यात आयुष्य घातलं असेल. ते हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून ठेवा. मुलांना शाळेत कुणी काही विचारलं, तर त्यांच्यापाशी सांगायला घरातलं माणूस असू द्या.