खाडा

माझे लहानपण कुर्डुवाडीला गेले. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. अडीच फुटी रुळांवरून पंढरीच्या वारकऱ्यांना ओढून नेणारी बार्शी लाइनची ती बुटकी इंजिने त्यांना घरच्या बैलांसारखी प्रिय. इंजिनाच्या अंगावर एक पितळी पाटी असे आणि वडील ती सणासुदीला चिंचेने घासल्यासारखी लख्ख ठेवत. ‘किट्सन, लीड्स’. इंग्रजी म्हणून त्यांना एवढीच दोन अक्षरे वाचता येत.

म्हातारपणी मुलाकडे लीड्सला जाण्याचा योग आला तेव्हा सूनबाईंनी विचारले, “बाबा, काय काय बघायचंय?” मी म्हटले, “किट्सनचा कारखाना.” दोघांनी एकमेकांकडे पाहिले. कारखाना केव्हाच मोडला होता. तो होता त्या हन्स्लेट नावाच्या कामगारवस्तीत मला नेले, तर तिथे गोदामे आणि मोटारींचे रस्ते. माझा पडलेला चेहरा पाहून मुलगा म्हणाला, “आलोच आहोत तर इथल्या क्लबाचा रग्बीचा सामना तरी बघू.”

रग्बी म्हणजे अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत मारून धावायचे आणि बाकीच्यांनी त्याला पाडायचे, एवढेच मला ठाऊक. पण मैदानावर पाऊल टाकले आणि थबकलोच. हन्स्लेटचे रंग कोणते असावेत? गर्द हिरवा, पांढरा आणि केशरी! पंधरा ऑगस्टला शाळेत आल्यासारखे वाटले. शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. तिकडचे जुने लोक अनोळखी पुरुषालाही ‘लव्ह’ म्हणून हाक मारतात. पहिल्या हाकेला मी दचकलो, दुसऱ्या हाकेला सरावलो. त्यांचे आजोबाही इंजिनाच्याच कारखान्यात होते म्हणे. मग काय, समोर सामना चालला होता आणि माझ्या कानावर इतिहास पडत होता.

क्लब निघाला १८८३ साली. खेळणारे सगळे हातावर पोट असलेले. कारखाना शनिवारी दुपारपर्यंत चाले. परगावी सामना असला की सकाळीच निघावे लागे आणि मजुरी बुडे. उत्तरेकडच्या क्लबांचे मागणे फार मोठे नव्हते. खेळायचे पैसे नकोत, बुडालेली मजुरी तेवढी भरून द्या. १८९३ साली लंडनच्या सभेत हा ठराव आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. खेळ हा हौसेसाठी खेळायचा, पैशाचा स्पर्श झाला की तो विटाळतो, असे साहेबलोकांचे मत. ज्याची मजुरी कधी बुडत नाही त्याला असे मत परवडते.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्या बावीस क्लबांत हन्स्लेट होते. बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग द्यायचे ठरले. एवढ्या सहा शिलिंगांसाठी एका खेळाचे दोन खेळ झाले! पुढे या मंडळींनी एका बाजूचे गडी पंधरावरून तेरा केले आणि खेळ अधिक वेगवान केला. जुन्या घराने पैशाचा सोवळेपणा सोडला तो १९९५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे मोजून शंभर वर्षांनी.

१९०७-०८ च्या हंगामात अल्बर्ट गोल्डथॉर्प यांच्या नायकत्वाखाली हन्स्लेटने त्या काळचे चारही मोठे मान एकाच वर्षात जिंकले. तोवर असे कोणालाच जमले नव्हते. पुढच्या फळीतल्या गड्यांना लोक ‘भयंकर सहा’ म्हणत. माझ्या मनात आले, आमची बार्शीची गाडी सुरू झाली १८९७ साली. तिची इंजिने घडवणारे हात शनिवारी दुपारी याच संघासाठी टाळ्या पिटत असतील!

मग उतरती कळा. १९६५ साली वेंब्लीच्या अंतिम सामन्यात विगनकडून अवघ्या चार गुणांनी हार. १९७३ साली पार्कसाइडचे जुने मैदान विकले गेले आणि क्लबच गुंडाळला. पण जेफ गनी या जुन्या खेळाडूने चार माणसे जमवून नव्या नावाने तो पुन्हा उभा केला. मैदान नाही, म्हणून कुत्र्यांच्या शर्यतींच्या जागेत खेळले. १९९९ साली आपल्या वर्गाचा अंतिम सामना एका गुणाने जिंकले, तरी वरच्या वर्गात प्रवेश मिळाला नाही. एवढे सांगून गृहस्थ म्हणाले, “आम्हाला नाही म्हणून घ्यायची सवय आहे, लव्ह.”

ते हसले. मला हसता येईना.

तरुणपणी आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचा मी चिटणीस होतो. आमचा सगळ्यात चांगला कबड्डीपटू बाजारात हमाली करी. जिल्ह्याच्या सामन्यांआधी तो घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, “दादा, दोन दिवसांचा खाडा पडतोय. मंडळ काय बघतंय का?” मी ताडकन म्हणालो, “अरे, खेळ काय पैशासाठी खेळायचा असतो? गावाच्या नावासाठी खेळायचा!” तो “बरं” म्हणून गेला. पुन्हा मैदानावर दिसला नाही. मी बँकेत कारकून. त्या दोन दिवसांची माझी रजा भरपगारी होती.

आणि खाडा म्हणजे काय हे मला शिकवायला नको होते. वडील तापाने पडले की त्या महिन्यात आई दुकानदाराला काय सांगे, ते मी दाराआडून ऐकलेले होते. तरी लंडनच्या त्या २८२ मतांतले एक मत माझेच होते.

सामना संपल्यावर गृहस्थांनी विचारले, बुडालेल्या मजुरीला तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी म्हटले, “खाडा.” ते म्हणाले, “काडा.” तीनदा शिकवले, तीनदा ‘काडा’च आला. ओळख मात्र पटली.

आता कबड्डीपटूंचे लिलाव होतात, कोटींचे आकडे ऐकू येतात. पण गावच्या संघातल्या रोजंदारीच्या पोराचा खाडा अजून पडतोच. यंदा वसुबारसेला मंडळाची पोरे वर्गणीला आली तेव्हा मी नेहमीपेक्षा थोडे जास्त दिले. पोराने पावतीपुस्तक उघडून विचारले, “आजोबा, कशापोटी लिहू? दिवाळी वर्गणी?”

मी म्हटले, “नाही. खाड्यापोटी लिही. थकबाकी आहे.”