कुणाला विचारायचं?

शेजारच्या वहिनींबरोबर आज भाईंदरहून परळला, टाटा मेमोरियल रुग्णालयात जाऊन आले. त्यांच्या यजमानांना जीआयएसटी, म्हणजे जठर-आतड्यांच्या भिंतीत होणारा दुर्मीळ कर्करोग झालाय. बिल्डिंगमध्ये सल्ला देणारे पुष्कळ. हा आजार पाहिलेलं कुणीच नाही. दुर्मीळ आजारात माणूस आधी एकटा पडतो.

तिथे रांगेत अकोल्याची एक ताई भेटली. तिच्या भावाला हाच आजार. मग ती आणि वहिनी कितीतरी वेळ बोलत राहिल्या. वहिनींचा चेहरा पहिल्यांदाच सैलावलेला दिसला.

एकेकाळी या कर्करोगाच्या गाठीवर शस्त्रक्रियेखेरीज फारसा इलाज नव्हता. २००२ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली. १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाच्या नव्या रूपाचं पेटंट नाकारलं, म्हणून स्वस्त जेनेरिक गोळी इथे मिळत राहिली. पण ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. गाठीच्या जनुकात कोणता बदल झालाय, त्यावर ते ठरतं. म्हणून दुसरं मत घ्यायला जाताना नुसते रिपोर्ट नकोत, बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळेही हवेत.

धीर सगळेच देतात. पण नेमकं काय विचारायचं, हे सांगणारं माणूस प्रत्येक घराला मिळायला हवं.